निकाल आधी गावाला

पहाटे साडेपाच

कापसाच्या वेचणीचे दिवस आले की यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात दिवस अंधारातच सुरू होतो. बायका चुली पेटवतात, डबे भरतात आणि आठच्या आत ऑटोत किंवा छोट्या हत्तीत बसून शेताकडे निघतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे अर्ध्या तासाचा उशीरही संध्याकाळी काट्यावर दिसतो. इथल्या माणसांच्या मनाच्या आजारांवर काम करायचं तर आधी हे वेळापत्रक पाठ असावं लागतं. शहरातून दहाला निघून एकला पोचणाऱ्या संशोधकाला घरांत फक्त म्हातारी माणसं भेटतात, आणि मग अहवालात बायकांचा प्रतिसाद कमी पडल्याची नोंद होते. त्या वेळी बायका घरी नव्हत्याच, हे त्या नोंदीत कुठे दिसत नाही.

म्हणून कामाच्या दिवसांत मी गावातच राहते. आज बाजाराचा दिवस. मजुरीला सुट्टी, आठवड्याचा हिशेब, आणि दुपारनंतर सगळ्यांची पावलं तालुक्याच्या गावाकडे. आमच्यासाठी आठवड्यातला सगळ्यात भरगच्च दिवस हाच.

आशाताई चहाला येतात आणि आम्ही दिवसाची यादी लावतो. कोणत्या घरी पाहुणे आहेत, कुठे बाई मोकळेपणानं बोलू शकेल, कोणाकडे रात्री भांडण झालं म्हणून आज जायचं नाही, हे त्यांना ठाऊक असतं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमली गेली. बाळंतपण, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, नाना तऱ्हेची सर्वेक्षणं, सगळं त्याच बाईकडे, आणि बहुतेक मोबदला कामागणिक. त्यावर आमचं काम फुकट लादायचं नाही, असं आम्ही निधीचा अर्ज लिहितानाच ठरवलं होतं. आशांच्या वेळेचे, गावगटाच्या बैठकांचे, साक्षीदार म्हणून बसणाऱ्या शेजारणीचेसुद्धा पैसे अंदाजपत्रकात वेगळे दाखवले. भागीदारीवरची भाषणं मी खूप ऐकली आहेत. ती खरी आहे का, हे मी आता अंदाजपत्रकात शोधते.

सकाळी आठ

समाजमंदिरात गावगट बसतो. वेचणीला जाणाऱ्या दोन बायका, बचत गटाच्या अध्यक्षा, निवृत्त गुरुजी, पिठाची चक्की चालवणारा तरुण, नवरा गमावलेली एक शेतकरीण, आणि एकेकाळी महिनोन्‌महिने अंथरुणातून उठू न शकलेली, आता बरी झालेली एक बाई. आमच्या अभ्यासातला प्रत्येक प्रश्न या गटापुढून जातो. तो कोणाला विचारायचा, कुठे, कोणासमोर, आणि विचारायचा की नाही, हे इथे ठरतं.

आज दुसऱ्या टप्प्याची प्रश्नावली समोर आहे. कर्जाच्या पानावर आल्यावर बचत गटाच्या अध्यक्षा थांबल्या. "हे तुम्ही माणसाले विचारता. बँकेचं कर्ज त्याच्या नावावर हाये, खरं हाये. पण फायनान्सचा हप्ता कोनाच्या नावावर असते? बाईच्या. वसुलीवाला दारात येते तेव्हा घरात कोन असते? बाईच." शेतीवरच्या ताणाचा अभ्यास करताना कर्जाचा प्रश्न बहुधा कुटुंबप्रमुखाला विचारतात, आणि कुटुंबप्रमुख म्हणजे सात-बाऱ्यावर नाव असलेला पुरुष असं धरून चालतात. त्यामुळे बाईच्या नावावरचा हप्ता, हप्त्याच्या आदल्या रात्रीची तिची झोप, शेजारणीकडे उसने मागण्याची लाज, हे सगळं कागदाबाहेर राहतं. पान बदललं. आता प्रश्न घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला वेगळा विचारला जाईल, आणि सासू-सुनेला एकत्र बसवून नाही.

जागा बदलण्याचा आग्रहही याच गटाचा. घराच्या ओसरीत बसून दारूबद्दल, मारहाणीबद्दल, जगावंसं वाटतं का याबद्दल कोण बोलेल? बांधावर, देवळामागच्या पारावर किंवा अंगणवाडी सुटल्यावर तिथल्या खोलीत भेटायचं, असं त्यांनी सुचवलं. घराच्या दारावर सर्वेक्षणाचा क्रमांक लिहायचा नाही, असंही त्यांनीच सांगितलं. गावात दारावरचा खडूचा आकडा सगळे वाचतात.

काही जणांना वाटतं की असा गट म्हणजे सौजन्याचा भाग, खरं शास्त्र वेगळं. मला ते मान्य नाही. ज्या माणसाला दुःख आहे त्यानं ते सांगितलंच नाही, तर पुढची सगळी आकडेमोड कितीही काटेकोर असली तरी पोकळ राहते. देशात २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, बारा राज्यांत. त्यात महाराष्ट्र नव्हता. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत, असं त्यातून दिसलं. विदर्भापुरतं बोलायचं तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी त्यासाठी कुणाची मदत घेतली होती. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी बोलू लागल्यावर अठरा महिन्यांत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. त्या अभ्यासात तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे ही घट केवळ कार्यक्रमामुळेच झाली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण माणसं मदत घ्यायला पुढे येतात, मदत ओळखीच्या माणसाकडून आणि ओळखीच्या भाषेत आली तर, एवढं त्यातून नक्की कळतं.

सकाळी दहा

पहिलं घर. पाच मिनिटांत नकार मिळाला. "नाही बाप्पा, आमाले नाही जमत." आशाताईंनी वहीत खूण केली, आम्ही पाणी प्यालो आणि उठलो. नकाराचं कारण विचारायचं नाही, शेजाऱ्यामार्फत गळ घालायची नाही, आणि त्या घराच्या रेशनवर किंवा घरकुलावर याचा काही परिणाम होणार नाही हे निघताना पुन्हा सांगायचं. सरपंचांनी परवानगी दिली म्हणून कुणाची संमती गृहीत धरता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. गावात जो नकार देऊ शकतो, त्याच्याच होकाराला अर्थ असतो.

दुसरं घर एका बाईचं. तिची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. नवऱ्यानं जीव दिला त्याला बराच काळ लोटला. शेत सासऱ्याच्या नावावर होतं, म्हणून सरकारी मदतीसाठी प्रकरण 'अपात्र' ठरलं. असं अपात्र ठरलेलं घर विदर्भात बहुतेक गावांत सापडेल. कागद पाहताच ती म्हणाली, "ताई, यात लिहिलं तर ते पुन्हा पात्र होईन का?"

हा प्रश्न इथे सतत येतो, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकणं म्हणजे त्या माणसाच्या आशेवर आपली आकडेवारी उभी करणं. मी कागद बाजूला ठेवला. हा तहसीलचा फॉर्म नाही, यातून पैसे मिळणार नाहीत, तुम्ही बोललात किंवा न बोललात तरी मदतीच्या प्रकरणावर काही फरक पडणार नाही, हे सांगितलं. मग तिलाच विचारलं, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. तिनं सांगितलं, नीट सांगितलं. तरी वेगळा मुद्दा राहतोच: त्या प्रकरणात फेरविचाराचा अर्ज करता येईल का. ते आमच्या अभ्यासाचं काम नाही, पण गुरुजींना अशा अर्जांची माहिती आहे, आणि त्यांचा निरोप तिला मिळेल अशी सोय झाली.

संमतिपत्र मोठ्यानं वाचलं. तिला सही येत नाही. अंगठा घेताना साक्षीदार आमच्या चमूतला चालत नाही, म्हणून तिनं निवडलेली जाऊ येऊन बसली. मुलाखत सुरू होताना जाऊ उठून गेली.

नैराश्य तपासण्यासाठी आम्ही जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची छोटी यादी वापरतो. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप लागली का, भूक, थकवा, स्वतःबद्दलचे विचार. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीसपैकी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे आल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कधी कधी वाटते, आपण नसतो तं पोरांचं बरं झालं असतं."

इथे प्रश्नावली थांबते. वयोगट, शिक्षण, जमीन ही पुढची पानं कोरी राहिली तरी चालतील. असं विचारल्यामुळे माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही भीती खूप लोकांना असते. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं याचाच पुष्कळांना आधार वाटतो. मी शांतपणे पुढचं विचारलं: हा विचार कधी येतो, किती वेळ राहतो, काही करायचं मनात ठरवलं आहे का, त्या वेळी जवळ कोण असतं. तिनं काही ठरवलेलं नव्हतं. तरी तिच्या परवानगीनं जावेला परत बोलावलं, जावेला काय सांगायचं आणि काय नाही हे त्या बाईनंच ठरवलं. आमच्या समुपदेशक ताईंना फोन लावला, त्या संध्याकाळी येतील. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिच्या आणि जावेच्या फोनमध्ये घातला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. दुपारी बाजाराला जाताना ती जावेबरोबर ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना भेटणार, असं तिघींनी मिळून ठरवलं.

हे सगळं करायची तयारी नसेल तर नववा प्रश्न विचारायचा अधिकार कुणालाही नाही, असं माझं ठाम मत आहे. उत्तर ऐकून, आकडा लिहून, वही मिटून निघून जाणं हे संशोधन नाही.

दुपारी बारा

तालुक्याच्या गावी बाजार भरला आहे. मिरची, लसणाच्या जुड्या, स्वेटरांचे ढीग. ग्रामीण रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी आज आहे, आणि ती आज आहे याचं श्रेय गावगटाचं.

आधी ती आठवड्याच्या मधल्या वारी असायची. चिठ्ठी देऊन पाठवलेली माणसं पोचायची नाहीत. 'जनजागृती कमी पडते' असं त्याचं निदान बाहेरचे लोक सहज करतात. गावगटातल्या वेचणीच्या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं: त्या वारी गेलं तर रोज बुडते, आणि एसटीत बसताना सगळे विचारतात कुठं चालली. बाजाराच्या दिवशी रोज बुडत नाही आणि कुणी विचारत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी वार बदलायला होकार दिला. त्यासाठी नवीन इमारत लागली नाही, यंत्र लागलं नाही. पिशवी घेऊन बाजाराला आलेली बाई आता बाकावर अर्धा तास बसते, गोळ्या पिशवीत भाजीखाली ठेवते आणि घरी जाते. मी या कामातून एकच गोष्ट दाखवायची झाली तर ही दाखवेन.

जिल्हा कार्यक्रम ही कल्पना जुनी. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, बंगळुरूच्या निम्हान्सनं कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात तो करून पाहिला, आणि १९९६ पासून देशात जिल्ह्याजिल्ह्यांत तो पसरू लागला. त्याआधी इथल्या माणसाला नागपूरचं मनोरुग्णालय गाठावं लागे, दीडशेएक किलोमीटरवर. पुणे, ठाणे, रत्नागिरी ही बाकीची तीन तर आणखी दूर. पुष्कळ घरं त्याऐवजी बुलडाणा जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यावर जात, अजूनही जातात. दर्ग्यावर गेलेल्याला आम्ही काही बोलत नाही. तिथे त्याला माणसं भेटतात, कुणी त्याला वेडा म्हणून हाकलत नाही. गोळ्या चालू ठेवून जा, एवढंच सांगतो.

औषधनिर्मात्याकडे जाऊन साठा पाहिला. गावाशी केलेल्या आमच्या करारातलं पहिलं कलम हेच आहे: नैराश्यावरची गोळी महिनाभर पुरेल एवढी नसेल, तर त्या महिन्यात नवीन घरांची तपासणी सुरू करायची नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत सर्व काळ मोफत मिळायला हवीत असं म्हटलं आहे. कायदा हातात असला तरी रजिस्टर डोळ्यांनी पाहावंच लागतं.

सकाळची बाई जावेबरोबर आली. आत गेली. मी बाहेर थांबले नाही, आत काय बोलणं झालं ते विचारणार नाही.

दुपारी अडीच

रुग्णालयाच्या मागच्या खोलीत समुपदेशक ताया आणि दोन तरुण जमले आहेत. सगळे आसपासच्या गावांतले, बहुतेक बारावी शिकलेले. मानसशास्त्राची पदवी कुणाकडेच नाही. ती लागतेच असं नाही, हे गोव्यातल्या 'संगथ' संस्थेच्या अभ्यासांनी दाखवलं. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्यांना अशाच प्रशिक्षित माणसांनी सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं.

पद्धत ऐकायला साधी आहे. मन खाली गेलं की माणूस कामं सोडतो, कामं सुटली की मन आणखी खाली जातं. तो फेरा कुठेतरी तोडायचा, छोट्या कामापासून. पण काम कोणतं, हे ज्याचं त्यानं सांगायचं. शहरी पुस्तकात फिरायला जाणं, संगीत ऐकणं असं लिहिलेलं असतं. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला फिरायला जा कसं सांगणार? आमच्या यादीत आता माहेरी फोन करणं, हरिपाठाला जाऊन बसणं, परसात वालाचा वेल लावणं, लेकीची वेणी घालणं अशा गोष्टी आहेत. त्या लोकांनीच भरल्या.

आज एका भेटीचं ध्वनिमुद्रण ऐकायचं, अर्थातच संबंधित माणसाच्या परवानगीनं, नाव-गाव काढून. ऐकून झाल्यावर सगळे एकमेकांना गुण देतात. तज्ज्ञानं एकट्यानं तपासण्याऐवजी समुपदेशकांनीच एकमेकांचं काम तपासायचं, ही रीतही गोव्याचीच. चक्कीवाल्या तरुणाच्या बहिणीनं, जी वयानं सगळ्यांत लहान आहे, नेमकं बोट ठेवलं: "तो मुलाच्या फीबद्दल दोनदा बोलला. ताईनं दोन्ही वेळा झोपेचंच विचारलं." ज्या ताईंची भेट होती त्यांनी मान हलवली आणि पुढच्या भेटीच्या वहीत 'फी' असं लिहून घेतलं.

संध्याकाळी साडेचार

कोलामांचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती, गावापासून दूर, डोंगराच्या कडेला आहे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या विशेष दुर्बल ठरवलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. पोडाच्या मध्यावर चावडी आहे. नाईक, महाजन आणि चारपाच म्हातारी माणसं बसली आहेत, बायका थोड्या मागे. बोलणं कोलामीत चालतं, आमच्याबरोबर आलेली पोडावरचीच शिकलेली मुलगी मराठीत सांगते.

इथे अभ्यास सुरू झालेला नाही, कारण पोडानं होकार दिलेला नाही. मी येते, बसते, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. आज नाईकांनी विचारलं, "मागं लोक आले, पोरांचं रक्त काढून नेलं. त्याचं काय झालं?" कोण आले होते, कधी, हे कुणाला नीट आठवत नाही. कागद कुणाकडे नाही. सिकलसेलची तपासणी असावी असा अंदाज.

याचं उत्तर मिळाल्याशिवाय हे लोक आमच्याशी बोलणार नाहीत, आणि त्यांनी बोलू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ साली स्वतःची संशोधन-संहिता लिहिली, ती अशाच अनुभवांतून. येऊन घेऊन गेलेले, परत न आलेले संशोधक त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. इकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये काम सुरू केलं, आणि आदिवासींना दवाखाना कसा हवा हे त्यांनाच विचारलं. मोठी इमारत आणि पांढरे कपडे यांची भीती वाटते असं लोक म्हणाले. मग दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. लोक येऊ लागले. हे उदाहरण महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. त्याप्रमाणे वागणारे मात्र थोडे.

पोडाच्या अटी हळूहळू पुढे येत आहेत. विचारायला बाहेरची बाई नको, आमचीच मुलगी हवी. फोटो नको. भगताला वाईट म्हणायचं नाही. आणि जे कळेल ते इथे चावडीत येऊन सांगायचं. मी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मुलीनं कोलामीत सांगितलं. होकार आजही नाही. मला त्याची घाई नाही. निधी देणाऱ्यांना आहे, आणि त्यांना मुदत वाढवून मागणं हे माझं काम आहे.

रात्री साडेसात

पहिल्या टप्प्याचे निकाल आज समाजमंदिरात सांगायचे. अजून ते कोणत्याही परिषदेत मांडलेले नाहीत, कुठल्या नियतकालिकाला पाठवलेले नाहीत. हा क्रम करारात आहे: आधी गाव, मग जिल्हा, मग जग.

टक्केवारीचे तक्ते इथे उपयोगाचे नाहीत. गुरुजींनी मोठ्या कागदांवर चित्रं काढली. मदत मागावीशी वाटणं, कुणाला सांगणं, दवाखान्यात पोचणं, गोळ्या चालू ठेवणं, अशा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर किती माणसं मागे राहिली. सगळ्यात जास्त माणसं 'कुणाला सांगणं' या पायरीवर अडलेली दिसली तेव्हा बायकांच्या बाजूनं एक हुंकार आला.

मग प्रश्न सुरू झाले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं उभं राहून म्हटलं, "कापसाले भाव द्या, डोकं आपोआप बरं होते." लोकांनी माना डोलावल्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण त्यांचं बरोबर आहे. समुपदेशनानं कापसाचा भाव वाढत नाही, गुलाबी बोंडअळी जात नाही, आणि शेतकऱ्याचा प्रश्न म्हणजे त्याच्या मनाचा आजार असं कुणी म्हणू लागलं तर आमच्या कामाचा दुरुपयोग होईल. म्हणून कर्ज, हप्ते आणि झोप यांचा जो संबंध दिसला, तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे गावानं स्वतः मांडायचा असं ठरलं. पण काकांना मी हेही सांगितलं, की भाव येईपर्यंत ज्याची झोप उडाली आहे त्याला आजची रात्र काढायची आहे. तेव्हा ते खाली बसले आणि म्हणाले, "हाव, तेही खरंच."

एका तरुणानं सुचवलं, फवारणीची औषधं ठेवायला प्रत्येक घरी कुलपाची पेटी द्या. या जिल्ह्यानं २०१७ साली फवारणीच्या विषबाधेत वीसहून अधिक माणसं गमावली आहेत, त्यामुळे ही औषधं घरात कुठे असतात याचा विचार इथे सगळे करतात. सूचना चांगल्या मनानं आलेली. पण जे माहीत आहे ते न सांगणं म्हणजे भागीदाराला फसवणं. श्रीलंकेत १८० गावांत हाच उपाय नीट तपासला गेला. घराघरात कुलपाच्या पेट्या देऊन आत्महत्येचे प्रयत्न कमी झाले नाहीत. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली, तेव्हा मात्र मृत्यू खूप घटले. खोलीत कुजबुज झाली. पेट्यांऐवजी कृषी सेवा केंद्रवाल्याशी आणि कृषी अधिकाऱ्यांशी बोलायचं, कोणती औषधं गावात विकायची नाहीत यावर ग्रामसभेत ठराव आणायचा, असं मत पडलं. तो ठराव होईल की नाही सांगता येत नाही. दुकानदारही याच गावचा आहे.

शेवटचा मुद्दा नावाचा. शोधनिबंधात गावाचं नाव येणार का? चर्चा लांबली. कुणी म्हणालं, येऊ द्या, काम आम्ही केलं. मग मागच्या रांगेतून एका आईनं विचारलं, "सोयरीक जुळवाले येनारे लोक वाचतीन तं?" आत्महत्येचं गाव अशी ओळख एकदा चिकटली की मुलींच्या लग्नांपासून बँकेच्या मॅनेजरच्या नजरेपर्यंत सगळीकडे ती पोचते. हात वर करून निर्णय झाला: गावाचं नाव छापायचं नाही, पण गावगटातल्या ज्यांना हवं त्यांची नावं लेखकांत घालायची, संस्थेचं आणि जिल्ह्याचं नाव टाकून. दोघांनी हो म्हटलं. बाकीचे विचार करून सांगणार आहेत. या लेखात गावाचं नाव नाही, तेही त्याच निर्णयामुळे.

रात्री दहा

समुपदेशक ताईंचा निरोप आला: सकाळच्या घरी जाऊन आल्या, आज जाऊ सोबत झोपणार आहे, परवा पुन्हा भेट.

बैठकीचं इतिवृत्त दोन प्रतींत लिहिलं, एक प्रत गुरुजींकडे राहील. प्रश्नावलीतले आजचे बदल नैतिकता समितीकडे दुरुस्ती म्हणून पाठवायचे आहेत. मान्यता येईपर्यंत नवीन पान कुणाला विचारायचं नाही. निधी देणाऱ्यांना पोडासाठी मुदतवाढीचं पत्र. आणि पोडावरच्या मुलांच्या रक्ततपासणीची चौकशी करणारं एक पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, एक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला. दोन्ही पत्रांच्या प्रती नाईकांकडे जातील. उत्तर आलं की ते मी चावडीत वाचून दाखवणार आहे, आणि आलं नाही तर तेही.